डॅमेज तीन, रंगवले दोन

३ नोव्हेंबर रोजी, शनिवारी, रोख सात हजार दोनशे पन्नास मोजून मिलिग्रॅमने एका दुरुस्तीवाल्याकडून जुना संगणक विकत घेतला आणि दोन खेपांत तीन जिने चढवून घरी आणला. पहिल्या खेपेला पेटी, दुसऱ्या खेपेला पडदा. बायको दारात उभी होती. यात तिच्या गुडघ्यांसाठी काही आहे का, एवढंच तिने विचारलं. नाही म्हटल्यावर ती आत निघून गेली.

मिलिग्रॅम हे त्याचं नाव नव्हे, पण आता खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. वजनमापं तपासणीच्या कार्यालयात तो सत्तावीस वर्षं तपासनीस होता. दुकानदारांचे काटे यायचे, त्यांवर प्रमाणित वजनं ठेवायची, आकडा बरोबर आला तर दाखला द्यायचा, नाही तर काटा परत पाठवायचा. एकदा दोन मिलिग्रॅमच्या फरकासाठी त्याने एका सोनाराला दिवसभर बाकावर बसवून ठेवलं होतं. जाताना सोनार शिपायाला म्हणाला, "तुमच्या त्या मिलिग्रॅमला माझा नमस्कार सांगा." तेव्हापासून ते चिकटलं ते चिकटलंच. सासरची माणसंसुद्धा त्याला पाठीमागे याच नावाने ओळखायची.

मुख्य तपासनीस मेअखेर निवृत्त होणार होते आणि सेवाज्येष्ठतेने पुढचा क्रमांक मिलिग्रॅमचा होता. पगार फारसा वाढणार नव्हता. पण त्या पदाबरोबर कार्यालयामागचं तळमजल्याचं घर मिळायचं. बायकोचे गुडघे दोन वर्षांपासून कामातून गेले होते. खाली उतरायचं म्हणजे ती आदल्या दिवशी ठरवायची. ते घर ती दोनदा बाहेरून पाहून आली होती आणि खिडक्यांची मापंही तिने घेऊन ठेवली होती. नोकरीत डाग लागला नाही तर घर पदरात पडणार, इतकं ते सरळ होतं.

तर हा संगणक कशासाठी? कार्यालयातल्या दाखल्यांच्या खोलीत एक म्हातारा संगणक होता. त्याच्या पडद्यावरची एखादी खिडकी माउसने धरून ओढली की माउस पुढे जायचा आणि खिडकी मागून फरपटत यायची, मध्येच आडवी फाटल्यासारखी दिसायची. इतरांना ते कधी दिसलं नाही. मिलिग्रॅमला एकदा दिसलं आणि मग दुसरं काही दिसेना. त्याचा मेहुणा एका कंपनीत संगणकाचंच काम करायचा. त्याने समजावलं की प्रत्येक प्रोग्रॅम आपलं चित्र आपल्या वेगळ्या कागदावर काढत असतो. ते सगळे कागद गोळा करून, कुठला वर कुठला खाली ते ठरवून, पडद्यावर मांडणारा एक वेगळा प्रोग्रॅम असतो. त्याला कंपोझिटर म्हणतात. तो हे सेकंदाला साठ वेळा करतो. एखादी खेप चुकली की खिडकी अडखळते.

मिलिग्रॅमने लगेच भागाकार केला. एका खेपेला सोळा पूर्णांक सदुसष्ट शतांश मिलिसेकंद. म्हणजे इथेही प्रमाण होतं, इथेही काटा होता. कार्यालयातले लहानसहान प्रोग्रॅम पुस्तकावरून शिकून त्यानेच लिहिलेले होते, कारण दुसरं कोणी ते गळ्यात घ्यायला तयार नव्हतं. त्याने ठरवलं की आपण स्वतःचा कंपोझिटर लिहायचा.

रोज सकाळी पाच ते सात तो त्यात बुडालेला असे. जानेवारीत दोन खिडक्या एकीवर एक दिसू लागल्या. मग त्याने त्याच्या खऱ्या आवडीचं काम काढलं. प्रोग्रॅमच्या प्रत्येक पायरीवर आत शिरतानाची वेळ आणि बाहेर पडतानाची वेळ टिपायची आणि जिथे काही खटकेल तिथे एक ओळ फाइलमध्ये लिहायची. त्या धंद्यात याला प्रोफाइल करणं म्हणतात. मिलिग्रॅमच्या लेखी ही तपासणीच होती. तीनदा मोजायचं, मधला आकडा धरायचा.

"अहो, ग्रॅम कमी पडले म्हणून आता सेकंदांच्या मागे लागलात का?" बायको स्वयंपाकघरातून म्हणायची.

मेहुणा एका रविवारी आला, खुर्ची ओढून बसला आणि पंधरा मिनिटं खिडक्या इकडून तिकडे सरकवून पाहिल्या. हे सगळं तयार मिळतं आणि तेही फुकट, असं त्याने आडवळणाने सांगून पाहिलं. मग सरळच म्हणाला, "भाऊजी, जगात शेकड्याने माणसं हे करून बसली आहेत. तुमचा कोण वापरणार?"

"दुकानातून वजनं तयारच येतात," मिलिग्रॅम म्हणाला. "तरी मला पगार देतात ना?"

मेहुणा बहिणीकडे पाहून हसला. तिने नाक मुरडलं.

या कामात एक शब्द होता, डॅमेज. पडद्यावरचा जेवढा भाग बदलला, तेवढ्याला डॅमेज म्हणायचं. घड्याळाचा सेकंद बदलला, तेवढा चौकोन डॅमेज. माउस हलला, तो जिथे होता आणि जिथे आला ती जागा डॅमेज. कंपोझिटरने तेवढंच पुन्हा रंगवायचं आणि बाकीच्याला हात लावायचा नाही. चांगल्या कंपोझिटरची सगळी हुशारी हीच.

घरच्या संगणकावर एका खेपेला चार मिलिसेकंद लागत होते. पण घरचा संगणक त्यातल्या त्यात धडधाकट होता. तपासनिसाला हे पुरत नाही. दोष पाहायचा तर जिथे जोर कमी तिथे पाहायचा, म्हणून ११ फेब्रुवारीला त्याने आपला प्रोग्रॅम खिशात घालून कार्यालयात नेला. दाखल्यांच्या खोलीतला संगणक तोच सांभाळत असल्याने कोणाला विचारायचा प्रश्न आला नाही. म्हणजे, विचारायला हवं होतं, हे त्याला माहीत होतं. पण जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी असायची, काम बंद असायचं आणि अर्ध्या तासात कोणाचं काय बिघडतंय, असं त्याने स्वतःला सांगितलं.

तिथे आकडा आला एकतीस. म्हणजे जवळजवळ प्रत्येक दुसरी खेप चुकत होती. फाइलमध्ये ओळीमागून ओळ एकच होती, डॅमेज पूर्ण पडदा. दोन दिवस त्याने संगणकाला दोष दिला. तिसऱ्या दिवशी एका बाद दाखल्याच्या पाठीमागे चित्र काढलं आणि कपाळावर हात मारून घेतला. घड्याळ उजवीकडे खालच्या कोपऱ्यात, माउस डावीकडे वरच्या. दोन्ही जागा बोटाएवढ्या. पण त्याचा प्रोग्रॅम त्या दोघींना मिळून एकच चौकट आखत होता आणि त्या चौकटीत अख्खा पडदा येत होता. दोन कोपऱ्यांत दोन माश्या बसल्या म्हणून सगळी भिंत धुवायला काढण्यातला प्रकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दोन जागांच्या दोन वेगळ्या चौकटी केल्या. आणखी किती चौकटींची सोय ठेवावी हे ठरवण्यासाठी जमलेल्या सगळ्या नोंदी चाळल्या. एका खेपेला दोनापेक्षा जास्त जागा कुठेच बदललेल्या नव्हत्या. मग जास्तीची सोय कशाला? त्याने दोनच ठेवल्या. दुपारी सुट्टीत, कार्यालयातल्या संगणकावर, एकतिसाचे पाच झाले. तीनदा मोजलं, तिन्हीदा पाच. पुढच्या सकाळी सात वाजता चहा घेऊन आलेल्या बायकोला त्याने आकडा सांगितला. बरं झालं, म्हणाली आणि तळमजल्याच्या घराला रंग कोण देणार, कार्यालय की आपण, ते विचारून घ्यायला सांगितलं.

दाखल्यांच्या खोलीत बसणाऱ्या दप्तरीबाई सोळा वर्षं त्याच खुर्चीत होत्या. तारेने जोडलेल्या काट्याचा आकडा पडद्यावर यायचा. तो पाहून त्या दाखल्यात टंकायच्या आणि सही करायच्या. संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. एका दुपारी त्या डबा खाऊन लवकर परतल्या आणि मिलिग्रॅम प्रोग्रॅम बंद करत असतानाच त्यांनी खिडकी सरकवून पाहिली.

"भाऊ, हे असंच राहू द्या," त्या म्हणाल्या. "लोण्यासारखं चालतंय."

सत्तावीस वर्षांत मिलिग्रॅमच्या कामाला कोणी लोण्याची उपमा दिली नव्हती. २१ फेब्रुवारीपासून त्याने ते तसंच राहू दिलं.

१३ मार्चला एक भाजीवाला तक्रार घेऊन आला. त्याने भंगारवाल्याला जुनी लोखंडी गाडी विकली होती आणि वजनात मार बसला होता. भंगारवाल्याचा काटा आणून तपासला. वीस किलोला साठ ग्रॅम कमी दाखवत होता. आणि आठवड्यापूर्वी, ६ मार्चला, याच कार्यालयाने त्या काट्याला नेमके वीस किलो, शून्य फरक, असा दाखला दिला होता. खाली दप्तरीबाईंची सही होती.

बाहेरच्या तंत्रज्ञाला बोलावून संगणक उघडवला. त्याला मिलिग्रॅमचा प्रोग्रॅम सापडला आणि त्या प्रोग्रॅमने लिहिलेली फाइलही. कार्यालयप्रमुख साहेबांनी ती सगळी छापून घेतली. दोनशे चौदा पानं झाली. १८ मार्चला मिलिग्रॅमला चौकशीसाठी आत बोलावलं तेव्हा तो गठ्ठा टेबलावर होता.

साहेबांचा पहिला प्रश्न, तुम्ही बाहेर छापखान्यात खिळे जुळवायचा जोडधंदा करता का, कारण कागदांवर जागोजागी कंपोझिटर लिहिलंय. दुसरा प्रश्न त्यांनी चष्मा काढून विचारला. "डॅमेज, डॅमेज, डॅमेज. अकरा हजार चारशे दोन वेळा. अहो, एवढं नुकसान केल्यावर माणूस ते लिहून तरी ठेवत नाही."

शब्दाचा अर्थ मिलिग्रॅमला पाठ होता. डॅमेज म्हणजे नुकसान नव्हे, जे बदललं ते, असं त्याने घड्याळाचं आणि माउसचं उदाहरण देऊन सांगितलं.

"मग मी खुर्चीत हललो तर?"

"पडद्यावर असाल तर डॅमेज, साहेब."

साहेब मोकळेपणाने हसले. तंत्रज्ञही हसला आणि असा शब्द असतो खरा, अशी त्याने साक्ष दिली. साहेबांनी गठ्ठा पुढे सरकवला, हे रद्दीत टाका, तो खेळ आजच्या आज काढून टाका आणि पुन्हा असले उद्योग नकोत, एवढ्यावर मिटवलं. दप्तरीबाईंना आत पाठवायला सांगितलं. मिलिग्रॅम उभ्याउभ्या पानं सारखी करत होता तेव्हा त्याची नजर एका ओळीवर पडली. ६ मार्च, ११ वाजून ४२ मिनिटं. डॅमेज ३, रंगवले २.

त्याला सगळं एकदम समजलं. काट्याचा आकडा, घड्याळ आणि माउस. तिघे एकाच खेपेला बदलले होते, आणि त्याच्याकडे चौकटी दोनच होत्या. तिसरी आली तेव्हा पहिली, आकड्याची, बाहेर फेकली गेली. आकडा आत बदलला, पडद्यावर मात्र आधीच्या काट्याचे वीस किलो तसेच राहिले. बाईंनी दिसलं ते टंकलं. आणि मोजताना त्याला तिसरी जागा कधी दिसली नव्हती, कारण त्याने सगळी तपासणी जेवणाच्या सुट्टीत केली होती. सुट्टीत काट्यावर वजन नसतं. नव्या तपासनिसांना तो पहिल्याच दिवशी सांगायचा की रिकाम्या काट्यावरून काही ठरवू नका, रिकामा काटा सगळ्यांचाच शून्य दाखवतो.

तोवर दप्तरीबाई आत आल्या होत्या. वीस किलो हा आकडा कुठून आणला, असं साहेबांनी विचारलं. पडद्यावर दिसला तो लिहिला, असं त्यांनी सांगितलं. साहेब मिलिग्रॅमकडे वळले. "तुम्ही इथले जुने जाणते. सांगा, पडदा कधी खोटं बोलतो का?"

गठ्ठा त्याच्या छातीशी धरलेला होता.

"सहसा नाही, साहेब," मिलिग्रॅम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच वाजता त्याने घरी तीन बदल एकाच खेपेला घडवून पाहिले. पहिली जागा रंगवली गेली नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मधला आकडा निवडायची वेळच आली नाही.

बायकोला त्याने त्याच सकाळी सांगितलं. चौकटी, खेपा, तिसरी जागा, सगळं. तिने ऐकून घेतलं. मग बाईंना काय शिक्षा होईल ते विचारलं. एखादी वेतनवाढ थांबेल, तो म्हणाला.

"आणि तुम्ही बोललात तर?"

"पद जाईल."

"म्हणजे घर." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "त्यांची एक वाढ आणि माझे तीन जिने. तुम्हाला तर मोजता येतं ना? मग मोजा."

तो अकरा दिवस मूग गिळून बसला. २५ मार्चला दप्तरीबाईंचा आदेश निघाला. एक वेतनवाढ एका वर्षासाठी स्थगित आणि तात्पुरती भांडारात बदली. भांडार तळघरात होतं. २८ तारखेला पदोन्नतीची यादी लागली. मिलिग्रॅमचं नाव पहिलं होतं. लोकांनी पेढे कधी म्हणून विचारलं. शिपायाने पहिल्यांदाच त्याला मिलिग्रॅमसाहेब म्हटलं.

२९ ला सकाळी दप्तरीबाई खोलीच्या किल्ल्या द्यायला त्याच्या टेबलाशी आल्या. चेहरा उतरलेला होता, पण यादीबद्दल त्यांनी मनापासून अभिनंदन केलं. मग म्हणाल्या, "माझ्याच डोळ्यांचं काहीतरी झालं असणार, भाऊ. काल चष्म्याचा नंबर तपासून घेतला. डॉक्टर म्हणतात नंबर तोच आहे. मग मला शून्य फरक दिसला कसा, हेच कळत नाही."

किल्ल्या ठेवून त्या खाली गेल्या. मिलिग्रॅमने किल्ल्या खणात टाकल्या. मग त्याने कपाटातून तो गठ्ठा काढला, पान उघडलं आणि साहेबांकडे गेला.

साहेबांनी ओळ वाचली, त्याचं बोलणं ऐकलं. चिडण्याआधी ते दमल्यासारखे दिसले. यादीवर परवाच सही केली होती. "अकरा दिवस तोंडाला कुलूप होतं ना? मग आज कोणी उघडायला सांगितलं?"

बाईंचा आदेश मागे घ्या, त्यांची चूक नाही, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. निघालेला आदेश मागे घेतला तर तो देणारा चुकला असं होतं, हे साहेबांनी त्याला शांतपणे समजावलं. त्यांनी कोरा कागद पुढे केला आणि लेखी द्यायला सांगितलं. सगळं, तारीखवार.

आता, तारीखवार लिहायला सांगितलेल्या माणसाने किती लिहावं? मिलिग्रॅमने सगळं लिहिलं. काही गाळणं त्याच्या हाताला माहीतच नव्हतं. ११ फेब्रुवारीपासूनच्या जेवणाच्या सुट्ट्या, एकतीस, पाच, दोन चौकटी. आणि २१ फेब्रुवारीच्या नोंदीत लिहिलं की सदर प्रोग्रॅम दप्तरीबाईंच्या सांगण्यावरून चालू ठेवला. तसंच घडलं होतं, म्हणून तसंच लिहिलं. खाली सही करताना त्याला हलकं वाटलं.

८ एप्रिलला नवा आदेश आला. दोघांच्या नावाने एकच. अनधिकृत प्रोग्रॅम संगणकावर ठेवणे आणि माहीत असूनही तो ठेवू देणे, या दोन्ही कृत्यांमुळे कार्यालयाचे एकत्रित नुकसान झाले आहे. मिलिग्रॅमचं नाव यादीतून वगळलं. दप्तरीबाईंची एकाऐवजी दोन वर्षांची वाढ थांबली आणि तात्पुरत्या बदलीतला तात्पुरती हा शब्द गेला. भंगारवाल्याच्या काट्याच्या फेरतपासणीचा खर्च अकराशे ऐंशी, तो दोघांच्या पगारातून निम्मा निम्मा कापायचा होता.

आदेश हातात घेऊन तो तळघरात गेला. बाई वजनांच्या पेट्या मोजत होत्या. त्यांच्याकडे प्रत आधीच पोचली होती.

"चूक माझी होती, हे मी लेखी दिलं," तो म्हणाला.

"वाचलं मी. माझ्या सांगण्यावरून, तेही वाचलं." त्यांनी पेटीवर खडूने खूण केली. "ते खोटं नाही. पण भाऊ, आधी तुम्ही बोलला नाहीत तेव्हा मी एका आकड्याची चोर होते. तुम्ही बोललात आणि मी सगळ्याचीच झाले. आता तरी गप्प बसा."

त्याने खिशातून पैसे काढून पुढे केले, निदान कापलेली रक्कम तरी घ्या म्हणाला. त्या हातातला खडू न ठेवता पुढच्या पेटीकडे वळल्या.

जूनमध्ये त्याच्याहून सहा वर्षांनी कनिष्ठ माणूस तळमजल्याच्या घरात राहायला गेला. औषधाला खाली उतरायचं झालं तरी बायको आता त्याला हात देऊ देत नाही, कठडा धरून एकेक पायरी उतरते. मेहुण्याने एकदा फोनवर कंपोझिटरचं विचारलं. मिलिग्रॅमने सांगितलं की आता चौकटींना मर्यादा नाही आणि घरच्या संगणकावरचा आकडा चाराच्याही खाली आहे. मेहुणा छान म्हणाला आणि बहिणीला फोन द्यायला सांगितलं.

दप्तरीबाईंच्या पगारातून कापलेले पाचशे नव्वद रुपये मिलिग्रॅम अजून त्यांना देऊ शकलेला नाही.